हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी बँकेत जातो आणि मी जिवंत आहे हे सिद्ध करून येतो. 2014 पासून हे काम अंगठ्यावरही होतं, पण 34 वर्षं फायली उलटून माझ्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात, त्यामुळे ते यंत्र तीन-तीनदा नकार देतं. मग मी खिडकीपाशी उभा राहून फॉर्म भरतो, सही करतो, समोरचा माणूस माझ्याकडे एकदा बघतो आणि शिक्का मारतो. याबद्दल माझी तक्रार नाही. पेन्शन द्यायची तर घेणारा हयात आहे की नाही हे देणाऱ्याला कळलंच पाहिजे. नियम बरोबर आहे. माझा प्रश्न एवढाच, की हा नियम माझ्या एकट्यालाच का?

आमच्या मागच्या बाल्कनीत, चपलांच्या रॅकला लागून, इन्व्हर्टरची बॅटरी होती. वजन पन्नास किलोच्या वर, पोटात ॲसिड, आणि सगळ्या घराची भिस्त तिच्यावर. साडेपाच वर्षं ती तिथे बसून होती. त्यातली शेवटची दीड वर्षं ती जिवंत आहे, आजारी आहे की गेली आहे, हे मला एकही माणूस छातीठोकपणे सांगू शकला नाही. विकणारा नाही, दुरुस्त करणारा नाही, खुद्द इन्व्हर्टर नाही. तुमच्याकडेही अशी एक बॅटरी असेलच, आणि तुम्हीही कधीतरी तिच्यासमोर उकिडवं बसून तिच्या तोंडाकडे बघितलं असेल. तेव्हा माझं प्रकरण काय झालं ते सुरुवातीपासून सांगतो. चहा निवला तर पुन्हा टाकू.

बॅटरी घेतली एप्रिल 2019 मध्ये. 150 अँपिअर-अवर, ट्यूब्युलर, पहिले 36 महिने सरळ बदलून आणि पुढचे 24 महिने वापराच्या हिशेबाने सवलत, अशी 60 महिन्यांची वॉरंटी. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, ‘‘काका, इथे बाल्कनीतच ठेवू, हवा खेळती राहील.’’ हवा खेळती राहतेच. पण बाल्कनी पश्चिमेची आहे, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन ते सहा तिथे ऊनही खेळतं. शिशाच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. हे त्या मुलाला माहीत असायला हवं होतं. सोबतच्या पत्रकात ते होतंही, इंग्रजीत, मोहरीएवढ्या अक्षरांत. मी ते वाचलं चार वर्षांनी, भिंग घेऊन.

महिन्याभरात, 16 मे 2019 रोजी, एक गोष्ट घडली जिचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. वार गुरुवार. पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार आहे हे पुणेकरांना सांगायला नको. सकाळी 10 वाजून 10 मिनिटांनी लाइट गेले. घरात दोन पंखे, हॉलची ट्यूब, टीव्ही आणि वायफायचा राउटर एवढं चालू होतं. बरोबर 3 वाजता इन्व्हर्टर टूंटूं करून बंद पडला. 4 तास 50 मिनिटं. मी आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेला माणूस. समोर कॅलेंडर होतं, त्यावर मी वेळ आणि चालू असलेल्या वस्तू अशी नोंद करून ठेवली. वर्ष संपल्यावर ते पान कापून रजिस्टरात चिकटवलं. पुढे या प्रकरणात माझ्या हातात पुरावा म्हणून जे काही उरलं, ते हे एवढंच पान.

मधली चार वर्षं काही बोलायचं कारण पडलं नाही. लाइट जायचे ते अर्धा तास, पाऊण तास. तेवढ्यात कुठलीही बॅटरी आपली लाज राखते. मे 2023 मध्ये एका गुरुवारी सूनबाईची ऑफिसची मीटिंग चालू होती, घरूनच, लॅपटॉपवर. तीन तासांच्या आत राउटर गेला, आणि ती अर्ध्या वाक्यात गप्प झाली. तिकडच्या लोकांना वाटलं, ती रागावून उठून गेली. संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘‘बाबा, बॅटरी म्हातारी झालीय का?’’ मी म्हटलं, ‘‘बघतो.’’ काय बघायचं असतं, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

पहिली साक्ष काढली ती इन्व्हर्टरच्या दिव्याची. हिरवा दिवा लागला होता आणि खाली बॅटरी भरल्याचं दाखवत होतं. तुम्ही विश्वास ठेवता ना त्या दिव्यावर? मीही ठेवत होतो. तो दिवा एवढंच सांगतो, की चार्जरने व्होल्टेज ठरलेल्या रेषेपर्यंत नेलं आणि आत जाणारा करंट कमी झाला. बॅटरीच्या पोटात किती मावतं, हे त्याला ठाऊक नसतं. हंडा भरला की तो हिरवा होतो, तांब्या भरला तरी तो हिरवाच होतो. किंबहुना बॅटरी जितकी म्हातारी तितका दिवा लवकर हिरवा, कारण भरायला जागाच कमी उरलेली असते. आमच्याकडे तो पूर्वी लाइट आल्यावर रात्री उशिरा हिरवा व्हायचा, 2023 मध्ये दोन-अडीच तासांत व्हायला लागला. घरातले म्हणत, ‘‘बघा, किती छान चार्ज होतेय.’’ ही दिशाभूल आहे, आणि ती रोज, माझ्याच घरात, माझ्याच विजेवर चालू होती.

दुसरी साक्ष मीटरची. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ मल्टीमीटर घेऊन आले. त्यांच्या मोबाइलमध्ये तक्ता होता: 12.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे निम्मी. आमची भरली 12.4. त्यांनी मान हलवली, ‘‘पाऊण शिल्लक.’’ मी दोन रात्री नीट झोपलो नाही. नंतर कळलं, की तो तक्ता गाडीच्या बॅटरीचा होता. यात एक साधा हिशेब आहे, तो तुम्ही लिहूनच घ्या. एका सेलमधल्या ॲसिडची जी ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, असते, तिच्यात 0.84 मिळवले की त्या सेलचं व्होल्टेज साधारण निघतं. गाडीच्या बॅटरीत ॲसिड जरा कडक, 1.280 च्या आसपास, म्हणजे सेल 2.12 आणि सहा सेलची बॅटरी 12.7. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत ॲसिड मुद्दाम सौम्य ठेवतात, 1.240 च्या आसपास, म्हणजे सेल 2.08 आणि बॅटरी 12.5. आमची बॅटरी भरलेलीच होती. एका जातीचा तक्ता दुसऱ्या जातीला लावून एका ज्येष्ठ नागरिकाची झोप उडवण्यात आली.

आणि हे व्होल्टेजही बघायचं असतं ते बॅटरी चार्जरपासून सोडवून, काही तास स्वस्थ ठेवून. चार्जिंगवरून नुकती काढलेली बॅटरी तेरा व्होल्टसुद्धा दाखवते. तो वरवरचा चार्ज असतो, थोड्या वेळाने उतरतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे दुकानात माझ्याशी जे झालं ते याच वाक्यावर झालं.

त्याआधी तिसरी साक्ष. कोपऱ्यावरून मेकॅनिक बोलावला. त्याने झाकणं उघडली, ‘‘काका, पाणी उतरलंय’’ म्हणून सहाही सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर ओतलं, आणि लगेच हायड्रोमीटर घालून ग्रॅव्हिटी बघितली. काटा लाल पट्ट्यात. ‘‘गेली बॅटरी.’’ मी त्या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवला, याचं मला आजही वाईट वाटतं. पाणी ॲसिडपेक्षा हलकं असतं. नुकतं घातलेलं पाणी वर तरंगतं, चार्जिंगचे बुडबुडे सुटून ते खालच्या ॲसिडात मिसळायला काही तास लागतात. त्याने ग्रॅव्हिटी मोजली ती स्वतःच ओतलेल्या पाण्याची. कढी करायला घेताना ताकात तांब्याभर पाणी घालायचं, वरवरचं चमचाभर चाखायचं आणि ताक पांचट आहे म्हणायचं, तसलाच हा प्रकार. वर तो म्हणाला, नवीन घ्यायची नसेल तर ॲसिड बदलून देतो, ‘‘फ्रेश होईल.’’ ॲसिड घातल्याने काटा हिरव्यात जातो हे खरं. प्लेट मात्र होत्या तशाच राहतात. नुसता आकडा बरा होतो.

म्हणजे एकाच आठवड्यात एकाच बॅटरीबद्दल माझ्याकडे तीन निर्णय आले: पूर्ण, पाऊण आणि शून्य. कचेरीत एका फाइलवर असे तीन शेरे आले असते, तर तिघांनाही खुलासा मागवला असता.

जून 2023 मध्ये बॅटरीला 50 महिने झाले होते. वॉरंटीचे दहा महिने बाकी होते. टेम्पो करून बॅटरी दुकानात नेली. त्यांनी ती तीन दिवस ठेवून घेतली. त्या तीन दिवसांत दोनदा लाइट गेले, ते जाऊ द्या. चौथ्या दिवशी चिठ्ठीसह परत: ‘‘व्होल्ट 12.9. ग्रॅव्हिटी ओके. बॅटरी ओके.’’ मी विचारलं, किती वेळ चार्ज केली? ‘‘फुल दोन दिवस, काका.’’ आणि व्होल्टेज कधी बघितलं? ‘‘चार्जिंगवरून काढल्या-काढल्या.’’ पेशंटला दोन दिवस सलाइन लावायचं, सुई काढल्या क्षणी नाडी बघायची आणि तब्येत ठणठणीत असा दाखला लिहायचा. एक पाऊलही चालवून बघायचं नाही. मी म्हटलं, लोड लावून किती तास चालते ते बघा. त्यावर उत्तर मिळालं, ‘‘सेल डेड असेल तरच क्लेम होतो. वीक असेल तर नाही.’’

हा शब्दप्रयोग मी घरी येऊन रजिस्टरात जसाच्या तसा उतरवला. मेली असेल तर आम्ही बघू, मरत असेल तर तुमचं तुम्ही बघा. आणि ती मेली की नाही, हे ठरवणारेही तेच.

त्याच रविवारी, 18 जून 2023 रोजी, मी स्वतः चाचणी घ्यायचं ठरवलं. कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि त्यात लिहिलेल्याच वस्तू चालू ठेवल्या: तेच दोन पंखे, ट्यूब, राउटर आणि टीव्ही. टीव्ही 2022 मध्ये बदलला होता, पण जुन्या-नव्या दोन्हींच्या पाठीवरचे वॉट ताडून बघितले होते, सारखेच. फ्रिजला हात लावू दिला नाही. सकाळी 10 वाजता इन्व्हर्टरकडे येणारी वीज बंद केली. आमची ही म्हणाली, ‘‘लाइट असताना लाइट घालवणारं हे पहिलंच घर असेल.’’ मी हॉलमध्ये घड्याळ घेऊन बसलो. 1 वाजून 5 मिनिटांनी टूंटूं. 3 तास 5 मिनिटं. आधीच्या 290 मिनिटांच्या जागी 185. म्हणजे 64 टक्के. बॅटरीची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली गेली की तिचं आयुष्य संपलं असं या धंद्यातली मानकंच धरतात. वीज लगेच पुन्हा चालू केली. रिकामी झालेली बॅटरी तशीच ठेवली तर तिच्या प्लेटवरचं सल्फेट कडक होतं आणि पुन्हा विरघळत नाही. म्हणून ही चाचणी उठसूट करायची नाही, आणि केली की ताबडतोब चार्ज करायची.

सोमवारी रजिस्टर घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने पानं उलटून बघितली, दोन्ही नोंदी वाचल्या, आणि म्हणाला, ‘‘काका, वही चालत नाही. आमच्या मशिनवर आलं पाहिजे.’’ चौतीस वर्षं माझ्या हातच्या नोंदीवर पगार निघाले, बदल्या झाल्या, एक चौकशी बंद झाली. त्या माणसाने वही बंद करून, अदबीने, दोन्ही हातांनी मला परत दिली.

त्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं. 150 म्हणजे काय, हे विकताना कुणी सांगत नाही. 150 हा आकडा वीस तासांच्या हिशेबाने आहे, म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. आमच्या घराचा भार 240 वॉट. इन्व्हर्टरची स्वतःची नासधूस धरून बॅटरीवर तो 25 अँपिअर पडतो. आणि जितक्या जोरात काढाल तितकं एकूण कमी मिळतं, हे विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन माणसाने 1897 मध्येच मांडून ठेवलंय. म्हणून नव्या बॅटरीनेही मला सहा तास न देता पाचच्या आत दिले. डब्यावरचे 150 पूर्ण मिळणारं घर कुठलं? ज्या घरात एक पंखा, फक्त एक पंखा, वीस तास फिरतो ते. असं घर मी पाहिलेलं नाही.

मला वाटत होतं, की हा अन्याय आपल्याकडेच आहे. मग भाच्याचा फोन आला. तो ॲरिझोनात फिनिक्सला असतो आणि त्याच्याकडे कॅम्पर ट्रेलर आहे. गाडीला जोडून ओढत न्यायचं छोटं घरच ते, त्यात ओटा, पलंग, दिवे सगळं. त्याला वीज पुरवतात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या, गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांत वापरतात त्या जातीच्या. मी त्याला विचारलं, तुझ्या कशा आहेत? तो म्हणाला, ‘‘मामा, तेच तर कळत नाही.’’ त्याच्या ट्रेलरच्या भिंतीवर चार दिव्यांची पट्टी आहे. अंगणात वायर जोडून ठेवलेला असतो तेव्हा चारही दिवे लागतात. रानात नेऊन ठेवला, की रात्री दोनच्या सुमाराला थंडी वाजायला लागते आणि हीटरचा पंखा बंद. घरी उभा असतानाही आतला गॅस हुंगणारा अलार्म महिनोन्महिने थोडी-थोडी वीज पीत असतो, तो वेगळाच. शिवाय फिनिक्सचा उन्हाळा, आमच्या पश्चिमेच्या बाल्कनीचा थोरला भाऊ. भाचा इंजिनियर आहे, चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि तोही चार दिव्यांकडे बघत उभा राहतो. शिशाची बॅटरी गास्तों प्लान्तेने 1859 मध्ये केली. तेव्हापासून आजपर्यंत पुणे ते फिनिक्स एकाही सामान्य माणसाला ती आपलं वय सांगत नाही.

मी हायड्रोमीटर विकत घेतला. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारी काचेची कांडी आणि तिच्यावर हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे. फुगा दाबायचा, सेलमध्ये टोक घालायचं, हळूच सोडायचं, कांडी नळीला न चिकटता तरंगू लागली की डोळा रेषेच्या पातळीवर आणून वाचायचं. बसायला पाट घेतला. पहिल्या दिवशी टोकावरून एक थेंब पँटवर पडला. ओला डाग दिसला, वाळला, संपलं असं वाटलं. धुऊन आल्यावर गुडघ्यावर वाटाण्याएवढं भोक. पुढच्या खेपेस आणखी दोन. आता एक पँट त्या कामाची म्हणून वेगळी ठेवलीय आणि शेजारी खायच्या सोड्याची वाटी असते. थेंब पडला की सोडा टाकायचा, फसफसून शांत होतं. चष्मा मात्र कधी काढायचा नाही.

जुलै 2023 ची पहिली नोंद अशी आहे: 1240, 1235, 1205, 1240, 1235, 1240. हे लोक बोलताना बाराशे चाळीस असंच म्हणतात, मीही तसंच लिहितो. तिसऱ्या आकड्यावर माझी पेन्सिल थांबली. सेला-सेलांत पंचवीस-तीसच्या वर फरक असला तर त्या सेलकडे संशयाने बघायचं असतं. मी दर महिन्याच्या एक तारखेला, चार्जिंगनंतर, पाणी घालायच्या आधी, हेच करत राहिलो. पाच सेल होते तिथेच राहिले. तिसरा उतरत गेला. 1195. 1185. दिवाळीनंतर 1180. त्याच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसलं होतं. ॲसिडाचा जो अंश चार्ज करताना परत द्रवात यायला हवा, तो प्लेटवरच अडकून पडला होता, म्हणून काटा वर येत नव्हता.

वॉरंटी एप्रिल 2024 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये तिसरा सेल 1150 वर आला.

मला जे सांगायचंय ते इथे आहे, तेव्हा कप खाली ठेवून ऐका. 1150 म्हणजे तो सेल 1.99 व्होल्ट. बाकीचे पाच 2.08 चे. बेरीज करा: 12.39. सहाही निरोगी असते तर किती? 12.48. फरक नऊ शतांश व्होल्टचा. एक सेल मरणाच्या दारात आहे आणि मीटरवर त्याची खूण काय, तर नऊ शतांश. कुणाच्या डोळ्यांत भरणार? पाच जणांनी सहाव्याला झाकून घेतलं होतं. असं मी कचेरीत बघितलंय. एका टेबलचं काम चार टेबलं ओढतात, महिन्याचा अहवाल वेळेवर जातो, आणि वरच्यांना सगळं सुरळीत दिसतं. जोपर्यंत काम हलकं आहे, तोपर्यंत. भार आला की तो सेल एकदम खचतो, पुढे तर उलट दिशेला जाऊ लागतो, सगळ्या बॅटरीचं व्होल्टेज साडेदहापर्यंत घसरतं आणि इन्व्हर्टर सगळ्यांनाच बंद करतो. पाच सेलमध्ये वीज शिल्लक असताना अंधार होतो. आणि परत चार्ज करताना तिसरा घेत नाही म्हणून बाकीच्या पाचांवर जास्त दाब येतो, त्यांचं पाणी लवकर उडतं. मी महिन्याआड पाणी घालत होतो, ते दर पंधरा दिवसांनी घालू लागलो. प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्या अंगातलं पाणी आटत होतं, आणि दाखल्यावर लिहिलेलं होतं, बॅटरी ओके.

17 नोव्हेंबर 2024, रविवार. पुन्हा तेच दोन पंखे, तीच ट्यूब, तोच टीव्ही. या वेळी सूनबाई स्वतः वही घेऊन शेजारी बसली. 10 वाजता सुरू केलं. 12 वाजून 5 मिनिटांनी संपलं. 125 मिनिटं, म्हणजे 43 टक्के. हातात मीटर होता. शेवटच्या पाच मिनिटांत आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला: 11.4, 11.1, 10.8. ती म्हणाली, ‘‘बाबा, मशिनवर हे आलं नसतं?’’ आलं असतं, पाच मिनिटं भार लावला असता तर.

माझी मागणी काही अवघड नाही. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरच्या कड्याखाली पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष कोरलेलं असतं, कोणत्या तिमाहीत त्याची पुढची तपासणी करायची ते. स्कूटरला पीयूसी लागते. पंधरा वर्षांच्या गाडीची तपासणी झाल्याशिवाय तिची नोंदणी पुढे सरकत नाही. खोकल्याच्या औषधावर तारीख असते. पेन्शनरला शिक्का लागतो. बॅटरीच्या बाबतीत सरकार जागं होतं ते ती मेल्यावर. 2001 मध्ये एक नियमावली आली, तिच्या जागी 2022 मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले, आणि त्यांत जुनी बॅटरी कुठे गेली, तिच्यातलं शिसं कुणी काढलं, याचा हिशेब बनवणाऱ्याकडे मागितला जातो. उत्तम आहे. शिसं विषारी, ॲसिड घातक, हिशेब हवाच. पण मयताची नोंद एवढी चोख आणि हयातीची नोंदच नाही, हे कसं चालेल? विकताना एकदा भार लावून घेतलेली मिनिटं बॅटरीच्या पाठीवर छापा. वर्षातून एकदा त्याच भारावर पुन्हा मोजा, शेजारी लिहा, खाली सही करा. सहा सेलच्या सहा ग्रॅव्हिट्या लिहा. दोन ओळींचं काम आहे. क्लेम करायला आलेल्या माणसापुढे मग वहीचा प्रश्नच येणार नाही, कारण वही बॅटरीवरच असेल.

नवीन बॅटरी आली. या वेळी दुसऱ्या दुकानातून. जुनीचं त्यांनी वजन केलं आणि किलोवर पैसे वळते करून घेतले. काट्यावर चढवताना मी तिसऱ्या सेलच्या झाकणावर बोट ठेवून म्हटलं, हा एकच गेलाय. त्या मुलाने मान डोलावली आणि बॅटरी आडवी न होऊ देता उचलली, तेवढं मला बरं वाटलं.

नवीन मी बाल्कनीत ठेवू दिली नाही. पॅसेजमध्ये उत्तरेच्या भिंतीला लावली, भिंतीपासून चार बोटं सोडून. टर्मिनलला व्हॅसलीन चोळलं. कपाटातून पांढऱ्या ऑइलपेंटची डबी काढली आणि नातवाच्या ब्रशने सहा झाकणांवर 1 ते 6 आकडे घातले. रंग वाळेपर्यंत चहा झाला. भोकं पडलेली पँट घालून मी पाटावर बसलो, सूनबाई रजिस्टर उघडून मोड्यावर बसली. वर तिने तारीख घातली होती, खाली रकाने आखले होते, आणि पहिल्या रकान्याच्या डोक्यावर तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: हयात.

‘‘सांगा बाबा.’’

‘‘पहिला, बाराशे चाळीस.’’

‘‘चाळीस.’’

‘‘दुसरा, बाराशे चाळीस.’’

‘‘हं.’’

फुगा दाबून मी नळी तिसऱ्यात सोडली. कांडी डुलली, काचेला चिकटली, पुन्हा सुटली. मी चष्मा नाकावर वर सारून डोळा रेषेवर आणला. ती पेन धरून थांबली होती.